दोरी कोण ओढणार?

जनरेटर चालू करायची दोरी काकांना ओढवत नाही हे मला जनरेटर गावी पोचल्यावर कळलं. तोपर्यंत मी त्याचे केव्हीए, म्हणजे ताकद, बघितले होते, आवाज किती डेसिबल ते बघितलं होतं, टाकीत पेट्रोल किती मावतं, एका टाकीत किती तास चालतो, बिघडला तर माणूस चिपळूणहून येणार की पुण्याहून, सगळं वहीत रकाने आखून लिहिलं होतं. दोरीचा रकानाच नव्हता. आणि काकांचा उजवा खांदा कित्येक वर्षं वर जात नाही, दिवाळीत आकाशकंदील टांगायला ते मला हाक मारतात, हे काय मला माहीत नव्हतं? होतं की. पण मी मशीन निवडत होते ना, काकांकडे कोण बघतंय.

मी राहते डोंबिवलीला, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. गावचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत वीसेक मिनिटं, भिंती चिऱ्याच्या, वर निम्मी कौलं आणि निम्मे पत्रे. मागे आगर, त्यात पोफळी, माड, दोन फणस, एक म्हातारा रातांबा. तिथे काका-काकू दोघंच असतात. आम्ही सगळे सणाला, मे महिन्यात, आणि काही मोडलं की जाणारे.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा जायचीही सोय नव्हती, लॉकडाऊन होता. दुपारी अलिबागच्या दक्षिणेला ते जमिनीवर चढलं, वारा ताशी ११०-१२० किलोमीटर, हे टीव्हीवर दिसत होतं आणि काकांचा फोन लागत नव्हता. चार दिवस लागला नाही. पाचव्या दिवशी ई-पास काढून मी आणि भाऊ निघालो. मंडणगडच्या पुढे रस्ता म्हणजे नुसता कापलेल्या झाडांमधला बोगदा होता. घरी पोचलो तर पडवीवरचे पत्रे शेजाऱ्यांच्या आगरात, शेजाऱ्यांची कौलं आमच्या खळ्यात, आणि पोफळी अशा आडव्या पडलेल्या की कुणीतरी हाताने एका बाजूला झोपवल्यासारख्या. काका ओटीवर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते. म्हणाले, "ये गो. पाणी पी आधी."

आमच्या वाडीत लाईट यायला अडतीस दिवस लागले. वायरमनला दोष देत नाही हां, पोलच्या पोल मुळासकट आडवे झाले होते आणि ती माणसं भर पावसात खांद्यावरून पोल वाहत होती, आम्हीच त्यांना चहा करून द्यायचो. पण अडतीस दिवस म्हणजे काय ते शहरात बसून समजत नाही. घरात इन्व्हर्टर होता, तो पहिल्या रात्रीच झोपला. पंख्याचं काही वाटत नाही, अंधाराचीही सवय होते. अडतं ते पाणी आणि फोन. विहीर तुडुंब आणि पंप मुका. सुदैवाने काकू पंप आल्यापासूनही पिण्याचं पाणी पोहऱ्यानेच काढते, पाइपाचा वास येतो म्हणते, म्हणून दोर आणि रहाट शाबूत होता. त्या महिन्यात आमच्या विहिरीवर चार घरं पाणी भरत होती. आणि बाजारात एकाने जनरेटर लावून मोबाईल चार्ज करून द्यायचा धंदा काढला होता, एका फोनचे दहा रुपये, फोनवर पट्टी चिकटवून नाव लिहायचं आणि दोन तासांनी यायचं.

माझ्याकडे ड्रिल मशीन होतं, वायरचं. आणलं होतं बरोबर मोठ्या हौसेने. पिन कुठे लावू?

पत्रे बसवायला खेडहून जो फॅब्रिकेटर आला त्याच्याकडे एक बुटकं पिवळं मशीन होतं. ड्रिल नव्हे, इम्पॅक्ट ड्रायव्हर. शिडीवर एका हाताने पत्रा दाबून धरायचा, दुसऱ्या हाताने स्क्रू टेकवायचा आणि टर्रर्रर्र, गेला आत, लोखंडी पाइपात, आधी भोक न पाडता. एका स्क्रूला चार-पाच सेकंद. पावसाची सर यायच्या आत त्याने पडवीची अख्खी एक बाजू झाकली. बॅटऱ्या दोन, एक मशीनला आणि एक गाडीत चार्ज होत असलेली. मी खाली उभी राहून छत्री धरायची सोडून ते बघत होते. भाऊ म्हणाला, "घेणारेस ना आता?" तो ओळखतो मला.

लोकल सुरू झाल्यावर मी मस्जिद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेले. टूल्स घ्यायची तर तिथेच, गल्लीभर पाने, ड्रिल, ग्राइंडर, चेनब्लॉक, हातगाड्या, आणि मधून वाट काढणारी माणसं. पहिल्या दुकानातल्या माणसाने माझ्या मागे वाकून बघितलं आणि विचारलं, "साहेब नाही आले?" म्हटलं साहेब घरी पोळ्या लाटतायत. हसला नाही. पण नंतर त्याच्याच दुकानात मी दीड तास बसले आणि त्याने चहा मागवला, तेव्हा ठीक आहे.

पहिला घोळ व्होल्टचा. एका डब्यावर १२, एकावर १८, एकावर २०, आणि शेजारी एकदम स्वस्तातल्या डब्यावर ४८ नाहीतर ८८. दुकानदार म्हणतो जास्त व्होल्ट जास्त ताकद. मी त्याला शिकवायला जाणार नव्हते, सवय आहे म्हणून तोंड शिवशिवलं एवढंच. गोष्ट अशी की या बॅटरीत लिथियम-आयन सेल असतात, साधारण पेन्सिल सेलपेक्षा थोडे मोठे, एकेक ३.६ व्होल्टचा. पाच एकामागे एक जोडले की १८. तोच सेल फुल चार्ज झाला की ४.२ दाखवतो, पाचांचे झाले २१. म्हणजे एक कंपनी १८ लिहिते, दुसरी २० मॅक्स लिहिते, आत माल तोच. बाराचं मशीन म्हणजे तीन सेल. आणि ८८? तो मी, लाज वाटते सांगायला, घेतला होता. नागदेवीला नाही, त्याच्या आधी, मोबाईलवर बघून, रात्री साडेअकराला. तीन महिन्यांत बॅटरी मेली. डोंबिवलीत एक पोरगा मोबाईल आणि बॅटऱ्या दुरुस्त करतो, त्याने स्क्रू ड्रायव्हरने कवच उचकटलं आणि टेबलावर ओतलं. पाच सेल, एका ओळीत. बाकीची अर्धी जागा रिकामी, आणि तळाशी वजन लागावं म्हणून एक पांढरी लोखंडी पट्टी चिकटवलेली. तो म्हणाला, "मॅडम, ही पट्टी घेऊन जा, पेपरवेट होईल." आहे माझ्या टेबलावर.

तर व्होल्टपेक्षा बघायचं ते व्होल्ट गुणिले अॅम्पिअर-अवर. १८ व्होल्ट, ४ अॅम्पिअर-अवर म्हणजे ७२ वॉट-अवर, एवढं इंधन तुमच्या डब्यात. दोनची बॅटरी हलकी असते, निम्मं चालते. आणि दुसरं, ब्रशलेस घ्या. साध्या मोटारीत कार्बनचे ब्रश घासत राहतात, त्यात थोडी बॅटरी उष्णतेत जाते आणि ब्रश झिजतात. ब्रशलेसमध्ये घासायलाच काही नाही. पैसे जास्त, पण खाऱ्या हवेत जेवढे भाग कमी तेवढं बरं असं माझं मत झालंय.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ड्रिल हे निमित्त, खरी खरेदी बॅटरीची. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसऱ्या कंपनीच्या मशीनला बसत नाही, मुद्दाम बसत नाही. मशीनचा बॉडी-ओन्ली डबा बघितलात तर स्वस्त वाटतो, मग बॅटरी आणि चार्जरची किंमत ऐकली की घाम फुटतो. त्यामुळे ही सोयरीक आहे. एकदा केली की पुढचा ग्राइंडर, करवत, दिवा, पंखा, ब्लोअर सगळं त्याच घरातून यायचं. म्हणून मी ड्रिलची तुलना सोडून दिली आणि कंपनीच्या कॅटलॉगचं शेवटचं पान बघायला लागले, तिथे अशा फालतू वाटणाऱ्या वस्तू असतात, त्याच बॅटरीवर चालणारा दिवा, त्याच बॅटरीवरचा पंखा, बॅटरीवर टोपीसारखा बसणारा यूएसबीचा ठोकळा. ज्यांच्याकडे हे तिन्ही होतं आणि ज्यांची बॅटरी रत्नागिरीत मिळत होती त्यांच्याशी सोयरीक केली. दुकानदाराला हे अजिबात पटलं नाही. तो शेवटपर्यंत टॉर्कच, म्हणजे फिरवायची ताकदच, सांगत होता.

टॉर्क महत्त्वाचा नाही असं नाही. साधारण ड्रिल ५०-६० न्यूटन मीटरचं असतं, इम्पॅक्ट ड्रायव्हर त्याच्या तिप्पट मारतो, कारण तो नुसता फिरवत नाही, आतला हातोडा फिरण्याच्या दिशेने टोले देतो. म्हणून पत्र्याच्या स्क्रूला तो. पण भिंतीत भोक पाडायला तो नाही, तिथे हॅमरवालं ड्रिल. आणि आमच्या चिऱ्याला तर हॅमरचीही गरज नाही, जांभा दगड जाळीदार, बिट लोण्यात गेल्यासारखं जातं, लालभडक पूड खाली पडते, आणि मग स्क्रू धरायला भोकात ठोकतो तो प्लग सैल बसतो नि स्क्रू आवळला की गोल फिरत राहतो. लांब प्लग घ्या, भोक एक माप बारीक पाडा. उलट डोंबिवलीच्या फ्लॅटच्या बीमला माझं कॉर्डलेस पाच मिनिटं रडलं आणि गरम होऊन बंद पडलं. तिथे वायरचा रोटरी हॅमर भाड्याने आणा, हट्ट करू नका.

करवतीबद्दल थोडक्यात. बॅटरीची चेनसॉ घेतली, बारा इंची पट्टीची. पडलेली पोफळ तिला काहीच नाही, माडाचं खोड मात्र धार खाऊन टाकतं. आणि वादळात पडलेलं झाड हे झाड नसतं, ताणून धरलेली स्प्रिंग असते, चुकीच्या बाजूने कापलंत तर उसळून येतं. ते काम आम्ही पाडेल्यालाच देतो, जो नारळ पाडायला येतो त्याला. त्याचं डोकं झाडासारखं चालतं, माझं व्हेक्टर काढत बसतं.

आता जनरेटर.

लहानपणी बाजारात दुकानापुढे फुटपाथवर तांबडे-निळे जनरेटर असायचे, पेट्रोलवर चालू करायचे आणि गरम झाले की चावी रॉकेलवर फिरवायची, सगळा बाजार त्या वासाचा. माझ्या डोक्यात जनरेटर म्हणजे तोच. त्यामुळे मी आधी सायलेंट इन्व्हर्टर जनरेटर बघायला गेले, सुटकेससारखा, एक केव्हीएचा, उचलला तर तेरा-चौदा किलो. प्रेमात पडले. साधा जनरेटर मिनिटाला ३००० फेऱ्यांवरच पळत राहतो, कारण ५० हर्ट्झ द्यायचे तर दुसरा इलाज नाही, मग तुम्ही एक बल्ब लावा नाहीतर दहा. इन्व्हर्टरवाला आधी वीज डीसी करतो, मग परत एसी, त्यामुळे भार कमी असला की हळू चालतो, पेट्रोल वाचतं, आवाज कमी, लॅपटॉपला सुरक्षित.

पण पंप आहे ना. आमचा पंप एक हॉर्सपॉवरचा. कागदावर ७४६ वॉट, पण ते मोटार बाहेर देते ते, आत ओढते हजारच्या वर. आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या तीन-चार पट मागते. केव्हीएला ०.८ ने गुणा म्हणजे साधारण किलोवॅट येतात, तर एक केव्हीए म्हणजे ८००. ती सुंदर सुटकेस आमच्या पंपापुढे उंss करून बसली असती. पंप चालवायचा तर तीन केव्हीए, आणि तीन केव्हीए इन्व्हर्टरवाल्याची किंमत ऐकून मी उठलेच. शेवटी साधा, उघड्या सांगाड्याचा तीन केव्हीए घेतला, पंचेचाळीस किलोचा, दोन माणसांनी उचलायचा. सेल्फस्टार्टवाला दहा हजारांनी महाग होता. म्हटलं दोरी आहे की, कशाला उगाच.

एप्रिल २०२१ ला तो टेम्पोतून गावी गेला. इंजिन ऑइल आधी भरावं लागतं, कारखान्यातून कोरडाच येतो, हे निदान मी वाचलं होतं. मी दोरी ओढली, तिसऱ्या झटक्याला चालू झाला, आगरातले कावळे उडाले. मग काकांनी ओढली. अर्ध्यात हात थांबला. त्यांनी दोरी हळूच परत सोडली, मूठ जागेवर बसवली आणि म्हणाले, "चांगलं आहे मशीन." बास एवढंच.

शेजारचा मुलगा येऊन चालू करून देईल असं ठरलं. मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा त्यानेच येऊन दिलान करून. पण पाऊस होता म्हणून काकांनी जनरेटर पडवीत ठेवला होता, माजघराच्या खिडकीखाली. मला फोनवर मागचा आवाज ऐकू आला आणि मी ओरडले, काकांवर आयुष्यात पहिल्यांदा. ते म्हणाले, पडवी उघडीच आहे, धूर जातो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, डोळे चुरचुरत नाहीत, माणूस झोपतो आणि उठत नाही, हे मी दरवर्षी वर्गात सांगते. त्यांना पटलं नाही, पण हलवला. जुलैमध्ये चंद्रपूरच्या दुर्गापूरला रात्री लाईट गेली म्हणून घरात जनरेटर लावलेला, धुराने एकाच घरातली सहा माणसं गेली. पेपरात वाचून काकांनी फोन केला. "वाचलंस ना ते," म्हणाले, आणि मग बराच वेळ दोघंही काही बोललो नाही. आता गोठ्याच्या मागे वेगळी पत्र्याची शेड आहे, जमिनीवर चिरे, तिन्ही बाजूंनी उघडी.

घराला जोडायचा प्रश्न निघाला तेव्हा एका इलेक्ट्रिशियनने सोपा उपाय सुचवला, दोन्ही टोकांना पिन असलेली वायर, एक जनरेटरला, एक घरातल्या सॉकेटला, मेन स्विच बंद करायचा की झालं. आणि मेन बंद करायचा राहिला तर? आपली वीज उलटी लाईनवर जाते, डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरमधून वर चढून हजारो व्होल्ट होते, आणि पोलवर असतो तो वायरमन ज्याला आपण चहा दिला. चेंजओव्हर स्विच बसवून घेतला, त्यात घर एका वेळी लाईनला नाहीतर जनरेटरला, एकालाच जोडलं जातं. जनरेटरच्या मानाने त्याची किंमत म्हणजे चणे-फुटाणे.

हळूहळू एक रीत बसली. जनरेटर दिवसभर चालवायचाच नाही. संध्याकाळी एक तास. त्या तासात पंप लावून वरची टाकी भरायची, आणि पंप बंद झाला की फ्रिज, इन्व्हर्टर, टूलच्या बॅटऱ्या, फोन. हजार लिटरची टाकी पाच मीटरवर म्हणजे किती ऊर्जा हे मी एकदा सहज मांडलं, वस्तुमान गुणिले जी गुणिले उंची, तर आलं साधारण चौदा वॉट-अवर. माझ्या ड्रिलच्या बॅटरीच्या पाचव्या हिश्श्याएवढं! अख्खी टाकी! काकूला सांगितलं तर म्हणाली, "तुझी बॅटरी पिऊन बघ मग."

पेट्रोलचंही शिकले. काम झालं की पेट्रोलची चावी बंद करून इंजिन आपोआप मरेपर्यंत चालू द्यायचं, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. एक वर्ष हे राहिलं आणि आत पिवळा डिंक झाला. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि कोकणातल्या हवेत पाणी सोडून असतं काय. महिन्यातून एकदा दहा मिनिटं भार देऊन चालवायचा. बॅटऱ्या निम्म्या चार्जवर, सुक्या जागी. काकूने त्यांना पापडाचा स्टीलचा डबा दिलाय, आत फडकं घालून. त्यात स्क्रू टाकायचे नाहीत एवढं मी डब्यावर लिहिलंय, नाहीतर एखादा दोन्ही टोकांना टेकला की डबाच पेटायचा.

दोन वर्षांपूर्वी शेजारचा मुलगा नोकरीला चाकणला गेला. तेव्हापासून मी सेल्फस्टार्टवाला बघायला लागले होते, वहीत नवे रकाने. त्यात भानगड अशी की त्याची छोटी बॅटरी सहा महिने पडून राहिली की आयत्या वेळी बसते, म्हणजे परत दोरीच.

गेल्या पावसाळ्यात लाईट गेली, तिसऱ्या दिवशी रात्री फोन लागला. काकूने उचलला. मागे घुर्रर्र आवाज, लांबून, शेडमधून.

"अगं, जनरेटर चालू आहे?"

"हो मग. टाकी भरत्ये."

"कोणी करून दिला?"

"कोणी म्हणजे? मीच केला. परवापासून मीच करत्ये."

"तू दोरी ओढलीस?"

"अगो, पोहऱ्यासारखंच आहे ते. आधी हळू घ्यायचा, ताण लागला हाताला की मग एकदम खेचायचा. ह्यांना सांगत होते कधीपासून, बाजूला व्हा. तू पण कधी विचारलं नाहीस." मग म्हणाली, "थांब हां, टाकी वाहायला लागली," आणि फोन तसाच ठेवून गेली. मला तिच्या चपला ऐकू आल्या, मग आवाज बंद झाला, आणि मग नुसता पाऊस.